केळीत बी का नसते?

केळीचे फळ आडवे कापले असता मध्यभागी बारीक काळपट ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडे होत. रानटी केळीत याच जागी टणक काळ्या बिया भरलेल्या असतात. आपल्या बसराई, श्रीमंती किंवा ग्रँड नैन या वाणांत बी का धरत नाही, हे समजले म्हणजे केळीचे बेणे पारखून का घ्यावे, हेही लक्षात येते.

गुणसूत्रांच्या जोड्या

वनस्पतीच्या पेशीत गुणसूत्रे नावाचे सूक्ष्म धागे असतात. झाडाची उंची, घडाचा आकार, रोगप्रतिकारशक्ती इत्यादी गुणधर्म ठरविणारी जनुके या धाग्यांवर ओळीने असतात. रानटी केळीत 22 गुणसूत्रे, म्हणजे 11 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र नराकडून व दुसरे मादीकडून आलेले असते. अशा जोडीदारांना समजात गुणसूत्रे म्हणतात.

परागकण व बीजांडे तयार होताना अर्धसूत्री विभाजन होते. प्रथम प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत तयार होते. नंतर समजात गुणसूत्रे, जुवाला बैलजोडी लावावी तशी, एकमेकांशेजारी येतात व काही तुकड्यांची अदलाबदल करतात. पुढे या जोड्या पेशीच्या मध्यावर येतात आणि सूक्ष्म तंतू एका जोडीदाराला एका टोकाकडे, तर दुसऱ्याला विरुद्ध टोकाकडे ओढून नेतात. दुसऱ्या टप्प्यात गुणसूत्र व त्याची प्रत वेगळी होते. अशा रीतीने प्रत्येकी 11 गुणसूत्रे असलेल्या चार पेशी मिळतात. फलनानंतर 11 व 11 मिळून पुन्हा 22 होतात.

तिसऱ्या बैलाची अडचण

वर सांगितलेले लागवडीचे वाण त्रिगुणित आहेत. त्यांच्यात 33 गुणसूत्रे, म्हणजे प्रत्येक प्रकारची तीन असतात. जू दोन बैलांचे. तिसरा कोठे जुंपावा? तसेच येथे होते. तिसरे गुणसूत्र कोणत्याही टोकाकडे जाते किंवा वाटेत राहून नष्ट होते. एकही गुणसूत्र वाया गेले नाही असे धरले तरी, अकराही प्रकारांतील जादा गुणसूत्रे एकाच बाजूला जाऊन वाटणी पूर्ण संचांची होण्याची शक्यता 1024 मध्ये एक एवढीच येते. बाकी पेशींत गुणसूत्रांचा मेळ बसत नाही व त्या बहुतेक निकामी ठरतात. शिवाय या केळीत फलन न होताही फळ पोसण्याचा गुण आहे. म्हणून बी नसले तरी घड भरतो.

मुनवे मात्र जोमदार

कंदाची व मुनव्याची वाढ साध्या पेशीविभाजनाने होते. तेथे जोडी जुळविण्याची गरज नसते. प्रत्येक गुणसूत्राची प्रत होऊन 33 ची 33 च राहतात. त्यामुळे मुनवा आईसारखाच निपजतो. हा फायदा आहे, तसाच धोकाही. सगळी बाग एकाच साच्याची असल्याने एका झाडाला घातक ठरणारा रोग साऱ्या बागेला घातक ठरतो. मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल हा निर्यातीचा वाण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मर रोगाने असाच मागे पडला व कॅव्हेंडिश गटातील वाण पुढे आले. बसराई व ग्रँड नैन याच गटातील आहेत. आता या गटालाही ग्रासणारा मर रोगाच्या बुरशीचा प्रकार भारतात, बिहारमध्ये आढळल्याची नोंद 2019 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. बी धरत नसल्याने संकर करून नवा प्रतिकारक वाण काढणेही अवघड जाते.

बागायतदारांनी काय करावे?

1. मुनवे निरोगी व जातिवंत बागेतूनच घ्यावेत. पर्णगुच्छ किंवा हरण्या रोग दिसलेल्या बागेतील बेणे टाळावे, कारण विषाणू मुनव्याबरोबर येतात.
2. अरुंद, तलवारीसारखी पाने असलेले जोमदार मुनवे निवडावेत. रुंद पानांचे मुनवे घेऊ नयेत.
3. ऊतिसंवर्धित रोपे घेताना मातृवृक्षाची विषाणू तपासणी झाल्याची खात्री करावी.
4. मर रोग असलेल्या भागातून मुनवे, कंद किंवा माती आणू नये. अवजारे व बूट स्वच्छ करूनच बागेत जावे.

बियांपासून तयार होणाऱ्या पिकात दर पिढीला गुणांची नवी जुळणी होते. केळीत ती होत नाही. म्हणून बेण्याची पारख हाच बागेचा पहिला विमा समजावा.