जेवणाची रोजकीर्द

आमचे भुसार मालाचे दुकान आहे. दुकान वाढवण्यापूर्वी रोजकीर्द पूर्ण करायची, हा माझ्या सासऱ्यांचा चाळीस वर्षांचा नेम. रोकड जुळली नाही, तर ते जागचे हलत नाहीत. मात्र दुपारी आपण काय जेवलो, असे विचारले की ते म्हणत, “जेवलो काहीतरी.”

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. दुकानातील गर्दीतून सूर्यास्तापूर्वी ते घाईने घरी आले, कसेबसे चार घास खाल्ले, मधुमेहाची नेहमीची गोळी घेतली आणि चौविहाराचे पच्चक्खाण केले. रात्री नऊच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. घरच्या यंत्रावर साखर भरली ५८. सत्तरच्या खाली गेलेली साखर धोक्याची मानतात. ते पाणीसुद्धा घेण्यास तयार नव्हते. “पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवलेलाच असतो,” असे निक्षून सांगत सासूबाईंनी त्यांना साखरेचे पाणी पाजले. थोड्या वेळाने त्यांना बरे वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारले, “काल काय काय खाल्ले? किती वाजता?” आम्हां कोणालाच नीट सांगता येईना. पंधरा दिवसांची नोंद घेऊन या, असे त्यांनी सांगितले. सासऱ्यांनी चौदाव्या रात्री बसून सगळी वही भरली. ती पाहून डॉक्टर हसले. “शेठजी, ही कीर्द एका बैठकीत लिहिलेली दिसते!” सासरे वरमले. व्यवहार घडतो तेव्हाच नोंद झाली पाहिजे, मागाहून आठवून लिहिलेला हिशेब खरा नसतो, हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

पण दुकानात हात धान्याच्या धुळीने माखलेले, समोर गिऱ्हाईक आणि लहान अक्षरे टंकायची म्हणजे चष्मा शोधणे आले. मग माझ्या मुलाने त्यांच्या आयफोनवर एक सोय करून दिली. ती कोणालाही करता येण्याजोगी आहे.

प्रथम ‘नोट्स’मध्ये ‘जेवण’ नावाची एक टिपण उघडावी. मग ‘शॉर्टकट्स’ या ॲपमध्ये नवा शॉर्टकट तयार करून त्यात तीन क्रिया क्रमाने ठेवाव्यात. ‘डिक्टेट टेक्स्ट’ म्हणजे बोललेले लिहून घेणे. त्यानंतर ‘टेक्स्ट’, ज्यात आजची तारीख व वेळ आणि बोललेला मजकूर एकत्र येतो. शेवटी ‘अपेंड टू नोट’, म्हणजे तो मजकूर त्या टिपणीच्या शेवटी जोडणे. शॉर्टकटला उच्चारायला सोपे नाव द्यावे. आम्ही ‘फूड एंट्री’ ठेवले. आता “हे सिरी, फूड एंट्री” म्हटले की फोन ऐकू लागतो. फोन कुलूपबंद असेल, तर आधी तो उघडावा लागू शकतो.

सुरुवातीला दोन अडचणी आल्या. सासरे सावकाश बोलतात, त्यामुळे वाक्य संपण्याआधीच फोन ऐकणे थांबवी. ‘डिक्टेट टेक्स्ट’मध्ये ऐकणे कधी थांबवावे याची निवड असते. तेथे लहान विरामाऐवजी मोठा विराम निवडल्यावर हे थांबले. दुसरी अडचण भाषेची. तेथेच आम्ही हिंदी निवडली, कारण बाजारात ते हिंदी सहज बोलतात. तरीही एकदा ‘खाकरा’चे ‘खाक करा’ झाले आणि घरभर हशा पिकला. अशा चुका रात्री एकदा वाचून दुरुस्त करता येतात.

अँड्रॉइड फोनवर गूगलच्या कळफलकातील माइकचे चिन्ह दाबून थेट मराठीत बोलता येते. ही सोय २०१७ पासून आहे. ‘कीप’ या ॲपमधील माइक वापरल्यास आवाज आणि अक्षरे दोन्ही जपली जातात. तेथे वेळ मात्र आपणच उच्चारावी: “दुपारी सव्वातीन, दोन फुलके, एक वाटी मूगडाळ, ताक.” पदार्थ, प्रमाण आणि वेळ, या तीन गोष्टी आल्या की नोंद पुरी झाली.

पंधरा दिवसांच्या खऱ्या नोंदीने आमचे डोळे उघडले. दुपारचा डबा कधी दीडला, कधी साडेतीनला उघडत होता. मग संध्याकाळी भूक नसे, जेवण नावापुरते होई आणि गोळी मात्र पूर्ण घेतली जाई. शिवाय व्यापाऱ्यांबरोबर दिवसाला सात चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. एका लहान चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. म्हणजे केवळ चहातून ५६ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेनुसार २००० कॅलरींचा आहार घेणाऱ्याने दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ च्या आत राहिल्यास उत्तम. डॉक्टरांनी नोंद पाहून गोळीची मात्रा व वेळ बदलली, डबा दीडला उघडण्याची ताकीद दिली आणि एकासणे किंवा उपवास करण्यापूर्वी विचारण्यास बजावले. औषधातील असा बदल कोणीही आपल्या मनाने करू नये, हे आवर्जून सांगते.

मध्यंतरी आम्हीही एक चूक केली. काळजीपोटी ती नोंद घरच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकू लागलो. “पप्पा, आज पुन्हा चिक्की?” अशी विचारणा सुरू झाली आणि दोन दिवसांत नोंद बंद पडली. सासरे शांतपणे म्हणाले, “माझी कीर्द मी लिहितो. तपासणारा एकच असावा.” आम्ही क्षमा मागितली. आता ती टिपण केवळ ते आणि डॉक्टर पाहतात.

आज चहा तीनवर आला आहे, तोही बिनसाखरेचा. डबा दीडला उघडतो. चौविहार निर्विघ्न चालू आहे. दुकान वाढवताना सासरे रोकड जुळवतात, फोनमधील ओळी एकदा वाचतात आणि म्हणतात, “चला, दोन्ही मेळ जुळले.”