पाठीवरचं बिऱ्हाड : भाग ६ – आधी इंधन, मग स्टोव्ह

गेल्या आठवड्यात स्लीपिंग बॅग झाली. उबेची सोय लागली, आता पोटाची. मुक्कामाचा ट्रेक ठरला की मला हमखास विचारलं जातं, ‘कुठला स्टोव्ह घेऊ?’ विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये तोवर दहा-बारा स्टोव्हचे फोटो जमलेले असतात आणि कुठला किती मिनिटांत पाणी उकळतो हेही त्याला पाठ झालेलं असतं. मी आधी इंधनाचं विचारतो. ते मिळणार कुठे, तिथवर नेणार कसं आणि तिथल्या थंडी-वाऱ्यात ते नीट जळेल का? एवढं ठरलं की स्टोव्ह आपोआप ठरतो. उलट क्रमाने गेलं की काय होतं, ते मी एकदा पाहिलंय.

डिसेंबरातली गोष्ट. आम्ही चौघं हरिश्चंद्रगडावर मुक्कामी होतो. सोबत सपाट, चौकोनी शेगडी होती. सहलीला नेतात ती. तिच्या कुशीत ब्यूटेनची लांबट बाटली आडवी बसते. चहा छान झाला. मग खिचडीचा टोप चढवला आणि दहाएक मिनिटांत निळी ज्योत बसत चालली. बटण पूर्ण फिरवलेलं, तरी आच निरांजनाएवढी. बाटली काढून टॉर्चच्या उजेडात पाहिली. वरचा भाग कोरडा, खालच्या भागावर मात्र दवाचे थेंब दाटलेले, आणि हाताला फ्रीजमधून काढल्यासारखी गार. हलवली तर आत निम्म्याच्या वर गॅस डुचमळत होता. गॅस होता, पण येत नव्हता. डाळ दाताखाली करकरतच आम्ही ती खिचडी संपवली.

ती रात्र मला बरंच शिकवून गेली. बाटलीत गॅस द्रवरूपात असतो. बर्नरकडे जाण्याआधी त्याची वाफ व्हावी लागते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो बाटलीतूनच ओढून घेतो. घाम वाळताना अंग गार पडतं, त्यातलाच प्रकार. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे द्रव शून्याजवळ गेला की वाफेला बाहेर ढकलणारा दाब जवळपास संपतो. बाहेरची हवा आठ-दहा अंशांवर असली तरी स्टोव्ह चालू राहिल्याने बाटली त्याच्याही खाली जाते. दवाची ती रेघ आतला द्रव कुठवर आहे हेच दाखवत होती. आयसोब्यूटेन उणे बारा अंशांच्या आसपास उकळतो आणि प्रोपेन उणे बेचाळीसला. म्हणून थंडीसाठीच्या डब्यांत आयसोब्यूटेन आणि थोडा प्रोपेन यांचं मिश्रण भरतात. हे डबे बसके, घुमटासारखे असतात आणि वरच्या आट्यांवर बर्नर फिरवून बसवता येतो. डबा विकत घेताना त्यावरचं मिश्रण वाचा. स्टोव्हच्या नावापेक्षा ती बारीक अक्षरातली ओळ जास्त महत्त्वाची आहे.

मिश्रणाचीही एक खोड आहे. कडाक्याच्या थंडीत प्रोपेन आधी उडून जातो आणि मागे ब्यूटेन उरतो. त्यामुळे भरलेला डबा पहिल्या रात्री जोमाने जळतो आणि तिसऱ्या रात्री तोच अर्धा डबा कुरकुरतो. उपाय सोपा आहे. डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपा आणि सकाळी चहा करताना कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करा. कोमटच, कढत नव्हे. डबा आचेवर धरण्याचा विचारही मनात आणू नका.

आता वारा. सह्याद्रीत थंडीपेक्षा वाराच जास्त गॅस खातो. कोकणकड्याच्या वाऱ्यात ज्योत टोपाखालून आडवी होऊन बाहेर पडते आणि तुम्ही आख्खी दरी तापवत बसता. आडोसा हवाच. पण डब्यावर थेट बसणाऱ्या बर्नरला चारही बाजूंनी पत्रा लावला, की टोपाची उष्णता खाली कोंडून डबा तापू लागतो आणि तो फुटू शकतो. म्हणून अशा स्टोव्हला वाऱ्याच्या बाजूनेच आडोसा करा. मी सॅक थोडी दूर आडवी टाकतो किंवा दगडांची बुटकी भिंत रचतो. मधूनमधून डब्याला हात लावून पाहायचा. कोमटपेक्षा जास्त लागला की स्टोव्ह बंद. पूर्ण घेराचा पत्रा वापरायचा असेल, तर डबा नळीने दूर जोडलेला, तीन पायांवर जमिनीलगत बसणारा स्टोव्ह घ्या. चौघांच्या वर माणसं असतील तर तसाही तोच बरा. उंच बर्नरवर पाच लिटरचा टोप म्हणजे कुणाच्या तरी पायाचा धक्का लागण्याचीच वाट पाहणं.

किती गॅस न्यायचा? वारा नसताना, झाकण ठेवून, एक लिटर पाणी उकळायला साधारण बारा ते पंधरा ग्रॅम लागतो. दोघांचा एका रात्रीचा मुक्काम, दोनतीन वेळा चहा, रात्रीची खिचडी आणि सकाळचे पोहे, एवढं २३० ग्रॅमच्या एका डब्यात होऊन थोडा उरतो. झाकण विसरलात, डाळ भिजवून नेली नाहीत, तर हा हिशोब कोसळतो. दुपारी पाण्याच्या बाटलीत टाकलेली मूगडाळ संध्याकाळपर्यंत फुगलेली असते आणि जवळजवळ निम्म्या वेळात शिजते.

उंचीचा हिशोब मात्र वेगळा. दर ३०० मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. हरिश्चंद्रगडावर ९५ अंशांच्या आसपास, तेव्हा फारसं अडत नाही. हिमालयात ४००० मीटरवर ते ८७ अंशांतच उकळ्या मारतं आणि त्या पाण्यात राजमा दिवसभर ठेवला तरी टणकच राहतो. आच वाढवून उपयोग नाही, पाणी त्याहून तापतच नाही. तिथे तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर हवा. शिटीच्या वजनाने आतला दाब वाढतो आणि त्याच उंचीवर तापमान ११० अंशांच्या पुढे जातं. कुकरच्या वजनाला नाकं मुरडणाऱ्यांना मी सांगतो, तो बराच गॅस वाचवतो.

इतकी उंची आणि थंडी असेल तर रॉकेल आणि पेट्रोल यांचा विचार करावाच लागतो. तुमच्या-माझ्या घरातला पितळी पंपाचा स्टोव्ह आठवा. १८९२च्या सुमारास स्टॉकहोममध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने बिनवातीचा, बिनकाजळीचा असा स्टोव्ह तयार केला आणि त्याचं नाव प्रायमस. आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि भरभर आवाज करत निळी ज्योत उठते. बाहेर कितीही थंडी असो, दाब आपण हाताने देतो, म्हणून तो हरत नाही. आमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचला तेव्हा प्रायमसच त्याच्या सोबत होता. २९ मे १९५३च्या पहाटे, एव्हरेस्टवरच्या शेवटच्या तळावर, हिलरीचे बूट रात्रीत गोठून लाकडासारखे झाले होते. ते त्याने प्रायमसच्या आचेवर धरून मऊ केले आणि मग तो आणि तेनझिंग निघाले. आमच्या आया-आज्या रोज सकाळी पिन मारून जो स्टोव्ह पेटवत होत्या, तो हाच, हे आठवलं की मला फार बरं वाटतं.

पण आज रॉकेल आणायचं कुठून? रेशनचं रॉकेल आपल्याकडे दिसेनासंच झालंय. त्यामुळे सह्याद्रीसाठी मी पंपाचा स्टोव्ह सुचवत नाही. स्वतःच्या गाडीने लडाख-स्पितीला जाणाऱ्यांसाठी मात्र पेट्रोल आणि रॉकेल दोन्हींवर चालणारा मल्टीफ्युएल स्टोव्ह उत्तम. त्याचा जेट साफ करायला आणि चामडी वायसरला तेलाचा थेंब द्यायला आधी शिकून घ्या. पेटवताना भडका उठतो, तेव्हा चेहरा लांब ठेवा.

स्पिरिटचा स्टोव्ह हलका, मुका आणि साधा. बिघडायला त्यात काही नाहीच. पण स्पिरिटमध्ये रॉकेलच्या तुलनेत तेवढ्याच वजनात बरीच कमी उष्णता असते आणि भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. विझली समजून वरून स्पिरिट ओतलं की हात भाजलाच. एकट्याच्या चहापुरता चांगला. सैन्यात वापरतात त्या हेक्झामिनच्या वड्या अडीअडचणीला सॅकच्या तळाशी असू द्या, स्वयंपाक त्यांच्यावर होत नाही.

मग चूल? तीन दगड, चार काटक्या आणि धुरकट चहा. माझी पहिली दहा वर्षं त्यावरच गेली आणि त्या चहाची चव मी नाकारणार नाही. तरी आता चूल पेटवू नका, असं मी अगदी कळकळीने सांगतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे आणि अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवण्यास १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३० नुसार मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी फेब्रुवारी ते मे या काळात गवत आणि कारवी इतकी वाळलेली असते, की वाऱ्याबरोबर गेलेली एक ठिणगी डोंगराची आख्खी सोंड जाळते. आणि ते सरपण आपलं नसतंच. पायथ्याच्या गावातली बाई त्याच काटक्यांच्या मोळीसाठी तास-दोन तास चालते. लेण्यांच्या, गुहांच्या छतावर जमलेली काजळी पाहा, ती आपल्यासारख्यांच्याच चुलींची आहे.

सह्याद्रीत याहून चांगला मार्ग समोरच आहे. पाचनई, खिरेश्वर, राजमाचीचं उधेवाडी, सांधण दरीजवळचं साम्रद, इथे आदल्या दिवशी फोन केला तर घरातली मावशी पिठलं-भाकरी, ठेचा असं ताट समोर ठेवते. गावाला दोन पैसे मिळतात, आपल्या पाठीवरचा भार हलका होतो. मग सोबत चहा-सूपपुरता छोटा बर्नर आणि एक डबा पुरे. निम्म्या ट्रेकसाठी हेच माझं उत्तर असतं.

आता नेण्याचा प्रश्न, जो बहुतेकांना स्टेशनवर पोहोचल्यावर आठवतो. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि खालच्या सामानातही नाही. वापरलेला मल्टीफ्युएल स्टोव्हही पेट्रोलचा वास येत असेल तर अडवतात. रेल्वेतही गॅस, पेट्रोल, रॉकेल यांना बंदी आहे. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ‘छोटा तर डबा आहे’ असं म्हणणाऱ्यांना मी मदुराईची आठवण करून देतो. २६ ऑगस्ट २०२३च्या पहाटे तिथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात लपवून आणलेल्या सिलिंडरवर चहा करायला घेतला आणि आगीत नऊ जण गेले. तेव्हा घरून फक्त बर्नर न्या. मनाली, लेहसारख्या ठिकाणी ट्रेकिंगच्या दुकानांत डबे मिळतात, तिथे घ्या. मात्र हिमालयातल्या बाजारांत पुन्हा भरलेले डबेही विकतात. ते जास्त भरलेले असू शकतात आणि त्यांचा व्हॉल्व्ह झिजलेला असतो. आट्यांना गंज, तळाला फुगवटा किंवा पुसट झालेली छपाई दिसली, तर स्वस्त असला तरी घेऊ नका.

आणि एक गोष्ट, जिच्यावर मी कुणाशी तडजोड करत नाही. तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. पाऊस असो, बर्फ असो. तंबूचं कापड क्षणात पेटतं ही एक बाजू. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या उत्तरेकडून दर हिवाळ्यात येतात. पावसात ताडपत्री ताणा, दोन्ही बाजू उघड्या ठेवा आणि तिच्याखाली शिजवा.

पुढच्या भागात पाणी : कुठलं प्यायचं, कसं गाळायचं. तोवर एक काम करा. तुमचा स्टोव्ह गच्चीवर न्या, डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहा, एक लिटर पाणी उकळा आणि डबा गार झाल्यावर पुन्हा वजन करा. जो फरक येईल तो स्टोव्हच्या पिशवीवरच मार्करने लिहून ठेवा.