काकांची तक्रार

एक पेटी, एक तबला, एक गिटार, एक कीबोर्ड आणि सहा गळे! एवढा सरंजाम असूनही शहरातल्या त्या चर्चमध्ये रविवारी भजनाचा एक शब्द कळेल तर शपथ! शेवटी साठीचे तबलजी काका वैतागून घरी बसले. नाताळ दोन महिन्यांवर. मी पेटी शिकवतो, म्हणून पाळकसाहेबांनी मला बोलावले.

मला आठवले आजोळ. इंदापूर तालुक्यातले कळंब, वालचंदनगरला लागून. तिथून जवळच, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत तुकोबांची पालखी इंदापूरला जाते. दिंडीत टाळकरी पुष्कळ, पण त्यांचे कान मृदंगाकडे. ज्ञानोबांच्या पालखीत तर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सारे टाळ गप्प होतात. वाजत राहतो तो फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल तिचा! मग तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते.

तेव्हा आधी मी काकांचे घर गाठले.

"काका, तक्रार काय?"

"अहो, माझी सम मलाच ऐकू येत नाही! आणि पोरे म्हणतात, तबला आता जुना झाला."

जुना खराच. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला भजन-कीर्तनाचे वळण लावण्यात मोठा वाटा उचलला. त्या घरात तबला पाहुणा कसा?

पहिल्या तालमीला वाद्ये बंद. नुसते शब्द आणि टाळी. मग सूर जुळवणे. पेटीचे सूर जागच्या जागी बदलत नाहीत, म्हणून तबला आणि गिटार तिच्याशी लावले. पेटी व कीबोर्ड एकच चाल वाजवून भांडत होते. कडव्याला पेटी, ध्रुपदाला कीबोर्ड अशी वाटणी केली. गाणाऱ्याचा शब्द ऐकू आला नाही, तर आपलाच आवाज मोठा, हे ज्याने त्याने ओळखायचे. आणि कीबोर्डवाल्या पोराला बसवले काकांच्या शेजारी, त्यांचा हात दिसेल असे.

दोन तालमी धुसफुशीत गेल्या. गिटारवाला तर रुसलाच होता! तिसऱ्या तालमीला भजन अर्ध्यावर आले आणि काका तबल्यावरून हात न काढता शेजारी वळून म्हणाले,

"पोरा, थोडा वाढव की आवाज!"