मोबाइल, मान आणि रोजची दोन मिनिटे

कसाऱ्याकडे जाताना आसनगावनंतरचे स्टेशन आटगाव. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ९५ किलोमीटर, म्हणजे लोकलने सुमारे दोन तासांचा प्रवास. इथून रोज मुंबई गाठणाऱ्याच्या आयुष्यातले चार-साडेचार तास गाडीतच जातात. २०१६ पासून डेटा स्वस्त झाला आणि या वेळेला विरंगुळा मिळाला. एक हात कडीला, दुसऱ्या हातात छातीशी धरलेला फोन, मान पुढे झुकलेली. रात्री घरी अंथरुणावरही तेच. मग एखाद्या सकाळी मान आखडते, आणि मालीश, शेक, गळ्याचा पट्टा, ‘मान मोडून देणारा’ अशी शोधाशोध सुरू होते.

आटगाव ज्या शहापूर तालुक्यात येते, त्याला मानेवरचे ओझे नवे नाही. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवरच्या बायकांच्या डोक्यावरून हंडा उतरत नाही. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचे वजन. चुंबळीवर ठेवलेला हा भार मणक्यांतून सरळ खाली उतरतो. मान जरा कलली की पाणी हिंदकळते. त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात पाणी वाहणाऱ्यांची जी पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही मान-पाठीच्या दुखण्याच्या तक्रारी आढळल्या होत्या.

फोनमुळे मानेवर किती भार येतो? अमेरिकेतील शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये त्याचे गणित मांडले. ताठ मानेवर डोक्याचा भार साधारण पाच किलो. मान ३० अंशांत झुकली की तो १८ किलो, ६० अंशांत २७ किलो. हे आकडे जगभर फिरले. पण ते संगणकावरच्या प्रतिमानातून काढलेले होते, जिवंत माणसाच्या मानेवर मोजलेले नव्हते. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रिओ दि जानिरोतील १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांची तपासणी झाली, तेव्हा फोन पाहताना मान वाकवणे आणि मान दुखणे यांचा थेट संबंध सापडला नाही.

म्हणजे मान वाकली की मणका झिजलाच, असे घाबरण्याचे कारण नाही. मान वाकण्यासाठीच घडलेली आहे. तिला जड जाते ते तासन् तास एकाच स्थितीत राहणे, आणि स्नायूंत ते पेलण्याची ताकद नसणे. अपुरी झोप आणि मनावरचा ताण दुखण्यात भर घालतात. त्यामुळे उपायही दोनच: मध्ये मध्ये हालचाल आणि स्नायूंना बळ.

या दुसऱ्या उपायाला चांगला पुरावा आहे. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या १८० कर्मचारी महिलांवर वर्षभर चाललेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या स्नायू ताणण्याच्या व्यायामापेक्षा ताकदीच्या व्यायामाने कितीतरी अधिक गुण आला. डेन्मार्कमध्ये १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग २०११ चा. रबरी पट्ट्याचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, रोज बारा मिनिटे करणाऱ्यांना फायदा झालाच; रोज फक्त दोन मिनिटे करणाऱ्यांनाही दहा आठवड्यांत जवळपास तेवढाच झाला.

व्यायामांची सुरुवात भिंतीला पाठ टेकून करावी. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे सरकवायची. खाली झुकवायची नाही. गळ्यापाशी दुहेरी हनुवटी दिसली की जमले. पाच सेकंद धरून सोडायचे, असे दहा वेळा. हे लोकलमध्ये उभ्या उभ्याही जमते.

दुसरा व्यायाम उताणे झोपून. ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच मान हलकेच हलवून दहा सेकंद धरायची, डोके उचलायचे नाही. गळ्याच्या बाजूंवर बोटे ठेवावीत. तिथले जाड स्नायू टणक झाले तर जोर जास्त लागतोय. काम आतल्या स्नायूंनी करायचे आहे. ऑस्ट्रेलियात ग्वेंडोलिन जुल यांनी मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर अशा हलक्या व्यायामांची चाचणी घेतली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतरही गुण टिकून होता.

तिसरा, खांद्यांची पाती मागे एकमेकांजवळ आणून पाच सेकंद धरणे, दहा वेळा. चौथा ताकदीचा: रबरी पट्टा पायाखाली दाबून दोन्ही हात बाजूंनी खांद्यापर्यंत उचलायचे. पट्टा नसेल तर पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांनी सुरुवात करता येते. हीच ती दोन मिनिटे.

गाडीत बसायला मिळाले तर बॅग मांडीवर घेऊन कोपरे तिच्यावर टेकवावीत. फोन आपोआप वर येतो. दर दोन-तीन स्टेशनांनी तो खाली ठेवून मान दोन्हीकडे वळवावी.

हातात मुंग्या येणे, पकड सैल होणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा अपघातानंतरची मानदुखी ही लक्षणे मात्र व्यायामाने हाताळण्याची नाहीत. तडक डॉक्टरांकडे जावे. मान दुखता दुखता छातीतही दुखत असेल तर थांबूच नये. मान कडकन मोडून घेणे तर टाळावेच. झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला क्वचित इजा होते, पण झाली तर ती जिवावर बेतू शकते.

असे व्यायाम शिकवणाऱ्या भौतिकोपचाराचे (फिजिओथेरपीचे) शिक्षण भारतात सुरू झाले ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात. निमित्त होते पोलिओचे. आज राज्यात या व्यवसायाची नोंदणी करणारी परिषद आहे. उपचार घेण्याआधी समोरच्याची तिथे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

फोन सुटणार नाही आणि लोकलही सुटणार नाही. गळ्याचा पट्टा, तेल आणि मलम यांवर खर्च करण्याआधी हे व्यायाम दहा आठवडे नेमाने करून पाहा. करताना दुखणे वाढत गेले तर मात्र थांबून तज्ज्ञाला दाखवा.