जुन्या लिनक्स कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क: फोटो गेले कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं शब्दांकन. हा भाग मी नागावच्या घरी बसून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मागे जी सळसळ ऐकू येते ती आमच्या वाडीतल्या पोफळींची.

विषय आहे बाबांचा कॉम्प्युटर. कोअर टू ड्युओ, वर लिनक्स मिंट, आत 320 जीबीची डिस्क आणि ती काठोकाठ भरलेली. त्यात आजीच्या आवाजातल्या ओव्या आहेत. आजी आता नाही. शिवाय 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्याच्या आधीची आमची वाडी आता फक्त त्या फोटोंतच उभी आहे. म्हणून मी 4 टीबीची डिस्क घेऊन आलो.

बसवणं सोपं होतं. साटा कनेक्टर तोच आहे, जुन्या बोर्डावर नवी डिस्क चालते. फक्त पॉवर सप्लायला साटाचा मोकळा प्लग आहे का, हे डिस्क घ्यायच्या आधी बघा. वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. आमच्याकडे खाऱ्या हवेने कनेक्टरांवर गंज चढतो, तेवढं पुसून घेतलं.

पहिली अडचण आली पार्टिशन टेबलची. जुनी पद्धत एमबीआर. ती सेक्टरचा नंबर 32 बिटांत लिहिते आणि सेक्टर धरते 512 बाइट्सचा. गुणाकार करा, साधारण 2.2 टीबीला गाडी थांबते. म्हणजे 4 टीबीतली जवळपास निम्मी जागा वाया! म्हणून जीपीटी निवडायचं. ‘पण बायोस जुना आहे ना?’ असू द्या. सुरू होण्याचं काम जुन्याच डिस्कवरून होतंय. नवी डिस्क फक्त डेटासाठी आहे आणि ती लिनक्स स्वतः वाचतं. फॉरमॅट केलं ईएक्सटी4 मध्ये. फॉरमॅट करताना डिस्क साइझवरून ओळखा, नावावरून नको. 4 टीबीच्या जागी 3.6 दिसलं तर घाबरू नका, तो 1000 आणि 1024 च्या हिशेबातला फरक आहे.

आता माझी चूक. विंडोजमध्ये नवी डिस्क म्हणजे नवं अक्षर, डी किंवा ई. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या फोल्डरवर जोडतात, त्याला माउंट म्हणतात. मी घाईत ती थेट बाबांच्या ‘आठवणी’ फोल्डरवर जोडली. बाबांनी फोल्डर उघडला. रिकामा.

‘अरे, आईच्या ओव्या कुठे गेल्या?’

माझ्या पोटात गोळाच आला. पण गेलं काहीच नव्हतं. भरलेल्या फोल्डरवर डिस्क जोडली की आतलं पुसलं जात नाही, झाकलं जातं. भरल्या कपाटावर पडदा सोडावा तसं. डिस्क अनमाउंट केली आणि सगळं परत दिसलं. अशा वेळी घाबरून त्या फोल्डरमध्ये काही कॉपी करू नका, काही डिलीट करू नका. आधी अनमाउंट करून बघा.

मग नीट क्रमाने केलं. डिस्क आधी तात्पुरत्या, वेगळ्या फोल्डरवर जोडली. आरसिंकने सगळं कॉपी केलं. 250 जीबीला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागला, मध्ये लाइटही गेली. इनव्हर्टर होता म्हणून निभावलं, पण आरसिंक पुन्हा चालवलं तरी पूर्ण झालेल्या फाइल्स सोडून उरलेल्याच घेतं. नंतर चेकसमने दोन्हीकडच्या फाइल्स ताडून पाहिल्या. जुन्या फोल्डरचं नाव बदललं, डिलीट केला नाही. त्याच्या जागी रिकामा ‘आठवणी’ बनवला आणि त्यावर डिस्क जोडली.

दर वेळी आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅब या फाइलमध्ये एक ओळ लागते. तिथे एसडीबी वगैरे नाव देऊ नका, ते पुढच्या वेळी बदलू शकतं. यूयूआयडी द्या, तो फॉरमॅट करेपर्यंत तोच राहतो. सोबत ‘नोफेल’ लिहा. नाहीतर एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही की कॉम्प्युटर इमर्जन्सी मोडमध्ये अडकेल, आणि मी असेन पुण्यात.

पण नोफेललाही एक खोच आहे. डिस्क जोडली गेली नाही तरी खालचा रिकामा फोल्डर असतोच, आणि नवे फोटो गुपचूप जुन्या डिस्कवर पडत राहतात. उपाय असा की डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘चॅटर’ कमांडने प्लस आय लावायचं. मग डिस्क नसेल तेव्हा त्यात काही लिहिताच येत नाही. एरर येतो, बाबांचा फोन येतो, मला कळतं!

शेवटचं. मोठी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. नवी डिस्कसुद्धा बंद पडू शकते. जुन्या डिस्कवरची प्रत मी तशीच ठेवलीय आणि तिसरी पोर्टेबल डिस्कवर घालून पुण्याला नेतोय. समुद्राकाठच्या घरातल्या आठवणींची एक प्रत समुद्रापासून लांब असलेली बरी.

बाबांनी संध्याकाळी ओव्या लावल्या. माझं काम झालं. भेटू पुढच्या भागात!