रोगी कोणास म्हणावे?

धर्माबादेत मिरचीच्या हंगामात एखाद्या कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या परक्या इसमास ठसका लागल्यावाचून राहत नाही, आणि तेथे देठ खुडीत बसलेल्या मजुरांच्या तो इतका अंगवळणी पडलेला असतो की त्याची दखल घेण्याचेही कोणास सुचत नाही. अशा जागी, ज्यास खोकला तो रोगी, अशी व्याख्या मनाशी धरून साथीच्या तपासास निघालेला सरकारी वैद्य सायंकाळपर्यंत अवघा कारखाना रुग्णांच्या यादीत घालून मोकळा होईल! साथीचा शोध सूक्ष्मदर्शकापासून सुरू होतो हा समज म्हणूनच अपुरा आहे. रोगी कोणास म्हणावे हे आधी कागदावर ठरावे लागते, तेव्हाच कोण, कोठे व केव्हा आजारी पडले या मोजदादीस अर्थ येतो.

1994 साली प्लेगच्या साथीत या गोष्टीची प्रचिती फार महागात आली. आदल्या वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यानंतर लोकांनी सोडलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले असावेत, असा तर्क पुढे मांडण्यात आला. बीड जिल्ह्यातील मामला गावी आधी उंदीर मेले, पिसवांचा उपद्रव झाला, आणि मग जांघेत व काखेत गाठी आलेले तापकरी दिसू लागले. 1966 नंतर देशात प्लेगची नोंद नव्हती, त्यामुळे ती गाठ स्वतः पाहिलेले डॉक्टर विरळा झाले होते.

सप्टेंबरात तापीच्या पुरानंतर सुरतेत जे घडले त्याचे स्वरूप निराळे होते. तेथील रोग्यांत यंत्रमाग व हिऱ्यांच्या कारखान्यांतील कामगार होते, आणि या कामगारवर्गात खानदेशातून गेलेले मराठी लोकही पुष्कळ. फुफ्फुसांच्या प्लेगात गाठ दिसेलच असे नाही. ताप, खोकला आणि रक्ताळलेली थुंकी येते, संसर्गापासून एक ते तीन दिवसांत रोग प्रकट होतो, आणि वेळेवर औषध न मिळाल्यास मृत्यू जवळजवळ ठरलेलाच. खोकल्याच्या तुषारांतून पसरणाऱ्या या रोगाचा माग काढताना गिरणीचा हजेरीपट प्रयोगशाळेइतकाच मोलाचा असतो: कोणता कामगार कोणत्या तारखेपासून गैरहजर, त्याची पाळी कोणती, त्याच्या खोलीत आणखी कोण निजत होते, याची खातरजमा त्यावरून सुरू करता येते. परंतु लाखो लोक काही दिवसांतच शहर सोडून गेले, आणि ज्यांची साखळी जुळवावयाची तेच रेल्वेच्या डब्यांतून चहूकडे पांगले. पुष्कळांनी टेट्रासायक्लिनच्या गोळ्याही घेतल्या होत्या. प्राण वाचविण्यास ते योग्यच, पण औषध पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढविणे दुष्कर होते.

परिणामी 26 ऑगस्ट ते 5 ऑक्टोबर या अवधीत आठ राज्यांतून 5150 संशयित रोगी व 53 मृत्यू नोंदले गेले. चाचण्यांत होकारार्थी ठरलेले यांच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी निघाले, आणि व्याख्या सैल ठेवल्यास भीतीदेखील दफ्तरात रोग म्हणून चढते याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही. उलट काहींनी हा प्लेगच नव्हे असेही म्हटले. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तरी वाद धुमसतच राहिला. अखेर 2000 साली हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी त्या साथीतील जंतूंची जनुकीय ओळख पटवून ते येर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचेच, असल्याचे प्रसिद्ध केले.