लागण थाटात, खोडवा वाऱ्यावर



या पानावर मी एरवी बेणे, हुमणी, पाचट आणि पाणी यांविषयी लिहितो. या अंकात बांध ओलांडून जरा मुंबईला जाऊन येणार आहे. कारण तसेच आहे. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन तोंडावर आला आहे, आणि आपल्या कार्यक्षेत्रात ज्या गावातून कुणी पलटणीत गेलेले नाही असे गाव शोधून काढावे लागेल. एक भाऊ नांगरावर, एक गिरणीत आणि एक लष्करात, अशी घरे आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालली. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे.

सुरुवात मात्र उसापासूनच करतो, कारण मला तेवढेच नीट कळते.

लागण करताना आपण काय थाट करतो! बेणे निवडून आणतो, नारळ फोडतो, पहिली कांडी घरच्या लक्ष्मीच्या हातून लावतो. तोच ऊस तुटून गेला की खोडव्याकडे पाठ. बुडखे छाटायचे राहतात, पाचट पेटवून दिले जाते, पहारीने खत द्यायचे ते उद्यावर जाते. मग हंगामाच्या शेवटी आपणच म्हणतो, "खोडवा काही परवडत नाही." परवडत नाही कसा? त्याला राखला कोण?

जवानांच्या स्मारकांचे आणि माजी सैनिकांसाठी मंजूर झालेल्या पैशाचे पुष्कळदा असेच होते. लागण थाटात होते, खोडवा वाऱ्यावर राहतो.

लालबागची खोली

यंदा गाळप सुरू होण्याआधी कारखान्याच्या कामासाठी नरिमन पॉइंटला साखर भवनात जावे लागले. मुक्काम लालबागला, माझ्या मामीच्या खोलीवर. चिवडा गल्लीपासून हाकेच्या अंतरावर जुनी चाळ, दहा बाय दहाची खोली, वर पोटमाळा. आपल्या भागातली किती माणसे या खोलीत उतरून गेली याचा हिशेब नाही.

माझे मामा १९६२ च्या चीन युद्धानंतर मराठा पलटणीत भरती झाले. १९६५ ची लढाई त्यांनी पाहिली. नऊ वर्षे नोकरी करून घरच्या अडचणीमुळे बाहेर पडले आणि लालबागच्या एका गिरणीत बॉयलर खात्यात लागले. जवानाला निवृत्तिवेतन मिळायला पंधरा वर्षे नोकरी लागते, म्हणून लष्कराची पेन्शन नाही. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ती नोकरीही गेली. मामीने परळ-लालबागच्या बिऱ्हाडांना डबे पुरवून संसार ओढला. २००९ साली मामा वारले.

दुसऱ्या दिवशी साखर भवनातले काम दुपारी होते. सकाळी वेळ होता म्हणून फोर्टात नेव्हल डॉकयार्डच्या लायन गेटपाशी गेलो. तिथे रस्त्यालगत 'विक्रांत'चे स्मारक आहे. मूळ नौकेच्याच धातूतून केलेले. २५ जानेवारी २०१६ ला त्याचे अनावरण झाले. गाड्या भराभरा जात होत्या. मी दहा मिनिटे उभा राहिलो, कारण ती सातशे फुटी नौका मी मामांबरोबर पाहिली होती.

तडे गेलेला बॉयलर

'विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू नौका. १९५७ साली इंग्लंडकडून अर्धवट बांधलेली विकत घेतली, ४ मार्च १९६१ ला बेलफास्ट येथे ती नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. जून १९७० मध्ये तिच्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना तडे गेलेले आढळले. साध्या वेल्डिंगने भागणारे काम नव्हते. बॉयलरला तडा म्हणजे काय, हे साखर कारखान्याच्या सभासदाला समजावून सांगायला नको. तरी वेग मर्यादित ठेवून, सांभाळत सांभाळत ही नौका १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात उतरली. ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. तिच्या माणसांना दोन महावीर चक्रे आणि बारा वीर चक्रे मिळाली.

३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. मुंबईत तिचे संग्रहालय करायचे ठरले, आणि २००१ पासून अधूनमधून लोकांना आत सोडू लागले. मी तेव्हा कृषी पदविका करून नुकताच बाहेर पडलो होतो. मामा मला घेऊन गेले. धावपट्टीवर उभे राहून सगळे फोटो काढत होते. मामा मात्र खाली बॉयलरची चौकशी करत होते. परतताना म्हणाले, "तडा गेलेला बॉयलर घेऊन लढाई मारली रे पोरांनी. आमच्या खात्यात असता तर आम्ही तोंड काळं करून पळालो असतो."

पण संग्रहालय कायमचे उभे राहिले नाही. ते दरसाल चालवायला पैसा कुणी द्यायचा, हा प्रश्न सुटलाच नाही. राज्य शासनाला चालवणारा भागीदार मिळेना, खाजगी निविदा येईनात, आणि खारे पाणी कुणाची वाट पाहत नाही. २०१२ साली धोकादायक म्हणून नौका लोकांना बंद झाली. २०१४ च्या जानेवारीत लिलाव होऊन साठ कोटींना ती भंगारात गेली. काही नागरिक उच्च न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. उपयोग झाला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालू लागला. लालबागहून रे रोडला उतरले की दारूखाना आलाच. मामा असते तर चालत जाऊन बघून आले असते.

आता कुणी म्हणेल, एवढी प्रचंड नौका राखणे खर्चाचे होते. होतेच. तिच्याच नावाची नवी विमानवाहू नौका २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात दाखल झाली, म्हणजे नाव पुढे चालले, हेही खरे. पण विशाखापट्टणमला काय झाले ते पाहा. 'कुरसुरा' ही पाणबुडी २००१ साली निवृत्त झाली. तिथल्या शहर विकास प्राधिकरणाने ती किनाऱ्यावर ओढून घेतली आणि २००२ पासून लोक तिकीट काढून ती पाहतात. पाणबुडी लहान, हे मान्य. पण तिचा वाली पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. कुणाचे काम, कुठल्या खात्यातून खर्च, हे आधी ठरले. खोडव्याचे पाणी कुणाच्या पाळीत बसते ते ठरले, की निम्मे काम झाले.

मुंबईतलेच आणखी एक उदाहरण सांगतो. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांना हातात एखादे काम शिकवावे म्हणून १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. शंभरावर वर्षे झाली, संस्था चालू आहे आणि जवानांना शिकवते आहे. याला म्हणतात राखलेला खोडवा!

पैसा येतो कुठून?

सभासदांनी हे एकदा नीट समजून घ्यावे. नियमित निवृत्तिवेतनाचा पैसा संरक्षण मंत्रालयाच्या अंदाजपत्रकातून येतो. तो वेगळा. ज्यांना पेन्शन नाही, किंवा ज्यांची अडचण पेन्शनीपलीकडची आहे, त्यांच्यासाठी कल्याण निधी आहे. त्याला मोठा आधार ध्वजदिन निधीचा. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला लाल, गडद निळ्या आणि फिक्या निळ्या पट्ट्यांचे छोटे झेंडे लावून हा निधी गोळा होतो. शाळेत असताना आपण सर्वांनी तो झेंडा टाचणीने खिशावर लावला आहे.

कामाची साखळी अशी: दिल्लीला केंद्रीय सैनिक बोर्ड, पुण्याला राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. या व्यवस्थेच्या खर्चात केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस.

केंद्राने १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी मदतीच्या रकमा दुप्पट केल्या आहेत. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या आणि नियमित उत्पन्न नसलेल्या, पासष्ट वर्षांवरील माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला दरमहा चार हजार मिळत, ते आता आठ हजार. मुलांच्या शिक्षणासाठी पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांपर्यंत, प्रत्येकी दरमहा एक हजाराचे दोन हजार. मुलीच्या लग्नासाठी, दोन मुलींपर्यंत, पन्नास हजारांचे एक लाख.

घोषणा चांगली आहे. लागण झाली. आता खोडव्याकडे वळू.

मामीची ट्रंक

मामा गेल्यावर शेजारच्या एका भल्या माणसाने मामीला एका कार्यालयात नेले होते. तिथे खिडकीवरच सांगितले, "पेन्शन नाही ना? मग काही नाही." मामीने कागद परत ट्रंकेत ठेवले आणि वर गोधड्या रचल्या. २०१८ साली तिला पासष्टावे लागून गेले. तिला कुणी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नाही. दरसाल तिच्या हातची भाकरी खाऊन साखर भवनात जात होतो, ध्वजदिनाची पावती खुशाल फाडत होतो. पण ज्या निधीला मी पैसे देतो त्यावर माझ्याच मामीचा हक्क आहे, हे माझ्या डोक्यात शिरले नाही.

२०२३ साली एका माजी सैनिक सभासदाच्या बांधावर पाचट कुट्टी बघत असताना त्याने बोलता बोलता ही योजना सांगितली. त्याच रात्री मी मामीला फोन केला. पुढच्या आठवड्यात जाऊन ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुक सापडले, कडेने वाळवी लागलेले. त्यावर मामीचे माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे. एवढ्या एका नावासाठी प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार, आणि मधे सहा महिने. त्या काळात मामी एकदा म्हणाली, "जाऊ दे बाळा. एवढं मोठं जहाज भंगारात गेलं तवा कुणी बघितलं न्हाई, माझा कागूद कोण बघतंय?"

पण तिचा कागद बघितला गेला आणि मदत सुरू झाली. मधली पाच वर्षे मात्र कोरडीच गेली. महिना चार हजार धरले तर दोन लाख चाळीस हजार रुपये होतात. हा पैसा सरकारने खाल्ला असे मी म्हणणार नाही. तो मागायलाच कुणी गेले नाही, म्हणून पाण्याची पाळी असूनही सरी कोरडी राहिली. या चुकीत माझाही वाटा आहे, म्हणून हा लेख.

आपण काय करायचे?

वर्गणीसाठी उसाच्या बिलातून कपात करा, असे मी सुचवत नाही. कपात म्हटले की सभासदांच्या कपाळावर आठ्या येतात, हे मला माहीत आहे. ध्वजदिनाला ज्याने त्याने खुशीने द्यावे. त्यापेक्षा कमी खर्चाचे पण जास्त गरजेचे काम सांगतो.

पहिले: आपले चिटबॉय आणि गट अधिकारी उसाच्या नोंदीसाठी प्रत्येक सभासदाच्या दारात जातात. नोंद घेताना त्यांनी एक प्रश्न जास्त विचारावा: "घरात, भावकीत कुणी माजी सैनिक किंवा त्यांच्या मंडळी आहेत का? त्यांना काय मिळते?" त्याची यादी गट कार्यालयात ठेवावी आणि ती दरसाल तपासावी. असा प्रस्ताव मी शेतकी खात्याकडून मांडला आहे.

दुसरे: घरातली ट्रंक आजच उघडा. डिस्चार्ज बुक, जिल्हा सैनिक कार्यालयाचे ओळखपत्र, वयाचा दाखला आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत ठेवा. नाव, जन्मतारीख सगळीकडे एक आहे का ते पाहा. फरक असेल तर माणूस हयात असतानाच दुरुस्त करून घ्या. मागाहून त्याच कामाला दहापट चकरा पडतात.

तिसरे: ज्यांना पेन्शन आहे त्यांनी दरसाल हयातीचा दाखला वेळेवर द्यावा. गावात कुणा म्हातारीला हे जमत नसेल तर तिला घेऊन जाणारा एक जण ठरवून टाका. "कुणीतरी नेईल" म्हटले की कुणीच नेत नाही.

आणि चौथे: ज्या गावात शहीद जवानाचे स्मारक आहे, तिथल्या मंडळींनी त्याची चावी, पाणी, रंग आणि झाडलोट कुणाकडे आहे हे ग्रामसभेत ठरवून लिहून ठेवावे. अनावरणाला मंत्री येतात. झाडलोटीला आपणच असतो.

मुंबईहून निघताना मामीने मसाल्याची पुडी दिली आणि विचारले, "जहाजाचं ते बघून आलास? कसं हाय?" मी म्हणालो, "लहान आहे. पण स्वच्छ आहे." ती म्हणाली, "मग झालं तर. स्वच्छ हाय म्हंजी कुणीतरी बघतंय."

तेवढे कुणीतरी आपल्या गावात आपण व्हावे, एवढीच विनंती. खोडव्याच्या व्यवस्थापनाचा राहिलेला लेख पुढील अंकी.

– ऊस विकास अधिकारी